एन्डोकॅनाबिनॉइडवर पीएचडी करायचीय? यकृतापासून सुरुवात करा

एन्डोकॅनाबिनॉइड म्हणजे शरीर स्वतः बनवतं ती, गांजातल्या द्रव्यासारखं काम करणारी रसायनं. एम.एस्सी. आटोपून या विषयाकडे वळणारी मुलं हमखास विचारतात, "ताई, एन्डोकॅनाबिनॉइड दाह वाढवतात की कमी करतात?" मी उलट विचारते, कुठल्या पेशीत?

इतिहास जुजबी आला तरी चालेल. १९६४ मध्ये इस्राएलमध्ये मेशुलम आणि गाओनी यांनी गांजातलं नशा आणणारं द्रव्य, टीएचसी, शुद्ध स्वरूपात वेगळं केलं. ते पेशीवरच्या ज्या प्रथिनाला चिकटतं त्या सीबी१ रिसेप्टरचं जनुक १९९० मध्ये हाती लागलं, सीबी२ या दुसऱ्या रिसेप्टरचं १९९३ मध्ये. शरीर स्वतः बनवतं त्या एन्डोकॅनाबिनॉइडांपैकी आनंदामाइड १९९२ मध्ये सापडलं, २-एजी १९९५ मध्ये. झालं.

आता यकृत. मी मद्यामुळे होणाऱ्या यकृतविकारावर काम करते, त्यामुळे माझं झुकतं माप तिकडेच असणार. पण दारू, दाह आणि चरबी हे सगळं इतक्या जवळून दुसरीकडे क्वचितच दिसतं. रोजच्या दारूने आतड्याचं अस्तर झिरपू लागतं. जिवाणूंच्या भिंतीचे तुकडे पोर्टल शिरेतून (आतड्याचं रक्त यकृतात नेणारी शीर) थेट यकृतात येतात आणि तिथल्या कुप्फर पेशी, म्हणजे यकृतातल्या संरक्षक पेशी, खवळतात. उंदरांत असं दिसलं, की दारूमुळे यकृतातल्याच स्टेलेट नावाच्या पेशी २-एजी सोडतात, ते शेजारच्या यकृतपेशींच्या सीबी१वर काम करतं आणि चरबी साठते. उलट कुप्फर पेशींवरचा सीबी२ चालू झाला तर दाह उतरतो. वर आणखी एक पेच आहे : २-एजी तुटलं की अ‍ॅराकिडोनिक आम्ल सुटतं, आणि दाह पेटवणारी प्रोस्टाग्लँडिन्स त्यातूनच बनतात.

हार्मोनची बाजू मेंदूत बघावी लागते. ताण आला की अ‍ॅड्रिनल ग्रंथी कॉर्टिसॉल सोडते. ते हायपोथॅलॅमस या मेंदूच्या भागात पोचलं, की तिथले न्यूरॉन एन्डोकॅनाबिनॉइड सोडतात. ते सिनॅप्समधून, म्हणजे दोन न्यूरॉनमधल्या जोडातून, उलट्या दिशेने जाऊन येणारं ग्लुटामेट हे उत्तेजक रसायन कमी करतात, म्हणजे ताणाच्या साखळीला ब्रेक लागतो. मद्यासक्त लोकांच्या मेंदूच्या काही पेट (PET) स्कॅन अभ्यासांत सीबी१ कमी आढळला, काही आठवडे दारू सोडल्यावरही. म्हणून ब्रेक सैल पडत असावा, हा तर्क मोहात पाडतो. मुलाखतीत मात्र तो सिद्ध झालेली गोष्ट म्हणून सांगू नका, समोरचे परीक्षक तिथेच पकडतात.

प्रयोगशाळेत खरी परीक्षा नमुन्याची. रक्त काढलं की नळी लगेच बर्फात आणि लगेच सेंट्रिफ्यूजमध्ये, कारण रक्तपेशी नळीतही आनंदामाइड बनवत राहतात. २-एजी तर ठेवल्या ठेवल्या आपोआप १-एजी या जुळ्या रूपात बदलतं, म्हणून पुष्कळ जण दोन्हींची बेरीज देतात. ऊतक काढताक्षणी द्रव नायट्रोजनमध्ये. सीबी२ ओळखायला विकत मिळणाऱ्या अँटिबॉडीवर विसंबू नका. नॉकआउट, म्हणजे सीबी२चं जनुकच काढलेल्या, उंदराच्या ऊतकात चाचणीचा तोच पट्टा दिसला, तर ती बाटली बाजूला ठेवा. उंदरांना लीबर-डिकार्ली हा दारू मिसळता येणारा द्रव आहार देताना दारूचा गट जेवढं पितो तेवढ्याच कॅलरी कंट्रोल गटाला मोजून द्यायच्या. हे रोजचं कंटाळवाणं काम, पण ते चुकलं की पुढच्या सगळ्या आलेखांना अर्थ उरत नाही.

औषध कंपनीत जायचं असेल तर रिमोनाबँट नीट वाचा. सीबी१ बंद करणारी ही वजनाची गोळी युरोपात २००६ मध्ये आली आणि नैराश्य, आत्महत्येचे विचार यांमुळे २००८ मध्ये बाजारातून गेली. तेव्हापासून मेंदूत न शिरणाऱ्या सीबी१ रोधकांचा शोध चालू आहे, आणि यकृतवाल्यांना तिथे वाव आहे.

भारतातच काम करणार असाल तर कागदपत्रं आधी. टीएचसी लागणार असेल तर १९८५चा एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायदा आडवा येतो, उंदरांसाठी संस्थेच्या प्राणी नीती समितीची मंजुरी लागते, शुद्ध अल्कोहोलसाठी उत्पादन शुल्क खात्याचा परवाना. प्रवेश झाल्या झाल्या अर्ज टाका आणि मंजुरी येईपर्यंत पेशी-कल्चरवर, म्हणजे बशीत वाढवलेल्या पेशींवर, हात बसवून घ्या.