आंब्याचं लॅमिंग्टन घरी कसं करायचं: ऑस्ट्रेलियाच्या लाडक्या केकचा उन्हाळी अवतार

मुंबईत वाढलेल्या कुणालाही लॅमिंग्टन म्हटलं की ग्रँट रोड स्टेशनजवळचा तो रस्ता आठवतो, कॉम्प्युटरचे पार्ट, वायरींची भेंडोळी, स्पीकर, आणि भावावरून चाललेली घासाघीस. पाटीवर कधीचं डॉ. भडकमकर मार्ग लिहिलंय तरी लोकांच्या तोंडी लॅमिंग्टन रोडच आहे. मी ब्रिस्बेनला आले तेव्हा एका बेकरीत काचेमागे लॅमिंग्टन असं लिहिलेलं दिसलं, आणि खाली चौकोनी केक, चॉकलेटमध्ये बुडवलेले, सगळ्या बाजूंनी खोबऱ्याचा कीस चिकटलेला. मला वाटलं नाव सारखं असेल, होतं असं. पण नाही, माणूस एकच आहे! लॉर्ड लॅमिंग्टन १८९६ ते १९०१ क्वीन्सलंडचे, म्हणजे ब्रिस्बेन ज्या राज्यात येतं त्याचे, गव्हर्नर होते आणि पुढे १९०३ ते १९०७ मुंबईचे. म्हणजे तिकडे केक आणि इकडे रस्ता. अजून एक, १३ मार्च १९४० ला लंडनच्या कॅक्स्टन हॉलमध्ये उधमसिंगांनी जालियनवाला बागेच्या वेळी पंजाबचा कारभार बघणाऱ्या मायकेल ओडवायरवर गोळ्या झाडल्या ना, तेव्हा त्या सभेत हे लॅमिंग्टनही होते आणि हाताला गोळी लागून जखमी झाले होते. एका केकच्या नावामागे केवढा इतिहास.

केक पहिल्यांदा कुणी केला यावर ब्रिस्बेन आणि क्वीन्सलंडमधलंच टुवूम्बा शहर दोन्हीकडचे लोक हक्क सांगतात. गोष्ट साधारण अशी सांगतात की गव्हर्नरकडे अचानक पाहुणे आले, स्वयंपाक्याकडे आदल्या दिवशीचा केक उरलेला होता, त्याने तो कापून चॉकलेटमध्ये बुडवला आणि हाताला चिकटू नये म्हणून खोबऱ्यात घोळवला. खरं-खोटं बाजूला ठेवू, पण त्यातला शिळा केक हा शब्द नीट लक्षात ठेवा, कारण लॅमिंग्टन बिघडतं ते बहुतेक वेळा ताजा मऊ केक बुडवायला घेतल्यामुळेच.

आता उन्हाळ्याचं. इथे उन्हाळा डिसेंबर-जानेवारीत, आणि त्याच वेळी क्वीन्सलंडचे आंबे बाजारात पेट्या भरभरून येतात. इथला घरोघरचा आंबा म्हणजे केन्सिंग्टन प्राइड, त्याला बोवेन मँगो पण म्हणतात कारण तो उत्तर क्वीन्सलंडच्या बोवेन गावातून पुढे आला. असं मानतात की एकोणिसाव्या शतकात भारतात लष्करासाठी घोडे पाठवायचा जो व्यापार चालायचा त्यातून हा आंबा बोवेनच्या बंदरात पोचला. थोडा धागेदार असतो, पण वास असा की पिशवी गाडीत ठेवली तरी गाडीभर घमघमाट. तीस डिग्रीच्या दमट दुपारी चॉकलेटचा जड थर नको वाटतो, तेव्हा आंबा आणि पॅशनफ्रूटच्या (आंबट रसाचं, काळ्या बियांचं फळ) जेलीत बुडवलेलं लॅमिंग्टन फ्रिजमधून काढून खाऊन बघा. जेलीत बुडवायची पद्धत माझी नवीन नाही, गुलाबी रास्पबेरी जेलीची लॅमिंग्टन ऑस्ट्रेलियात आणि न्यूझीलंडमध्ये वर्षानुवर्षं होतात, मी फक्त पाकिटातल्या जेलीऐवजी खरा आंबा घेते.

काय काय लागेल

केकसाठी १२५ ग्रॅम मऊ झालेलं बिनमिठाचं बटर, १८० ग्रॅम बारीक साखर, ३ अंडी, २४० ग्रॅम सेल्फ रेझिंग फ्लॉर, १२५ मिली दूध, १ टीस्पून व्हॅनिला. भारतात सेल्फ रेझिंग फ्लॉर सहज मिळत नसेल तर १५० ग्रॅम मैद्याला २ टीस्पून बेकिंग पावडर या हिशोबाने, म्हणजे २४० ग्रॅमला साधारण ३ टीस्पून, वर चिमूटभर मीठ, आणि दोनदा चाळून घ्या.

जेलीसाठी ४०० ग्रॅम आंब्याचा गर (मोठे २ किंवा मध्यम ३ आंबे), ५-६ पॅशनफ्रूट, ८० ग्रॅम साखर, १६० मिली पाणी, ३ टीस्पून म्हणजे अंदाजे १० ग्रॅम जिलेटिन पावडर. घोळवायला २५० ग्रॅम बारीक डेसिकेटेड कोकोनट. मध्ये क्रीम भरायचं असेल तर ३०० मिली फेटून घट्ट होणारं क्रीम.

एक सांगते, ऑस्ट्रेलियन रेसिपीत टेबलस्पून दिसला तर तो २० मिलीचा असतो, आपल्याकडचा आणि बाकी बऱ्याच ठिकाणचा १५ चा. जिलेटिनला हा फरक भोवतो, म्हणून मी वर टीस्पूनच लिहिलंय, तो दोन्हीकडे ५ मिलीचाच.

आदल्या दिवशी: केक

इथे दुकानात चक्क लॅमिंग्टन टिन म्हणूनच टिन मिळतो, २० बाय ३० सेंटिमीटरचा उथळ आयताकृती, तो नसेल तर त्या मापाच्या आसपासचा कुठलाही घ्या. तळाला आणि बाजूंना बटर पेपर लावा, दोन बाजूंनी थोडा बाहेर राहू द्या म्हणजे केक उचलून काढता येतो. ओव्हन १८० डिग्रीला, फॅनवाला असेल तर १६० ला तापत ठेवा.

बटर आणि साखर फिकट आणि हलकं होईपर्यंत फेटा, इलेक्ट्रिक बीटरने चार-पाच मिनिटं लागतात, यात घाई करू नका कारण केकचा हलकेपणा इथूनच येतो. मग एकेक अंडं घालून फेटत जा, अंडी फ्रिजमधली गार असतील तर मिश्रण फाटल्यासारखं दिसतं म्हणून ती आधी बाहेर काढून ठेवायची. व्हॅनिला घाला. आता बीटर बाजूला ठेवून चमच्याने मैदा आणि दूध आलटून पालटून दोन-तीन वेळात मिसळा, कोरडा मैदा दिसेनासा झाला की थांबायचं. टिनमध्ये ओतून वरून सारखं करा, मधल्या कप्प्यात २५ ते ३० मिनिटं. टूथपिक कोरडी बाहेर आली आणि मध्ये बोटाने हलकं दाबल्यावर केक परत वर आला की झालं.

आपण स्पंज, म्हणजे बटरऐवजी फेटलेल्या अंड्यांवर फुलणारा हलका केक, का नाही घेतला, असं काही जण विचारतील कारण जुन्या रेसिप्या स्पंजच्या आहेत. स्पंज छानच लागतो, पण जेली तो फार पितो आणि पहिल्यांदा करणाऱ्याच्या हातात मोडतो. बटर केक थोडा भक्कम असतो.

केक पूर्ण गार झाला की गुंडाळून रात्रभर ठेवा. सकाळी चारही कडा पातळ कापून काढा, वरचा तपकिरी पापुद्राही धारदार सुरीने काढला तर उत्तम, मग लांबीत ६ आणि रुंदीत ४ असे २४ चौकोन. हे तुकडे ट्रेवर सुटे सुटे ठेवून तासभर फ्रीजरमध्ये. यामुळे कडा टणक होतात आणि जेलीत चुरा पडत नाही.

जेली, खरी मेहनत इथे

आंब्याचा गर मिक्सरमध्ये फिरवून चाळणीतून गाळा, धागे वर राहतात. चार पॅशनफ्रूट कापून आतला गर चाळणीत घासून रस काढा, ८० मिलीच्या आसपास निघाला पाहिजे, कमी भरला तर लिंबू पिळा. उरलेल्या एक-दोन फळांचा गर काळ्या बियांसकट बाजूला ठेवा, तो क्रीममध्ये जाईल.

एका वाटीत ६० मिली गार पाणी घेऊन त्यावर जिलेटिन भुरभुरवा, पाच मिनिटं तसंच फुगू द्या. तोवर आंब्याचा रस, पॅशनफ्रूटचा रस, साखर आणि उरलेलं १०० मिली पाणी पातेल्यात घेऊन मंद आचेवर चार-पाच मिनिटं शिजवा, कडेने बुडबुडे येईपर्यंत. शिजवायचं टाळू नका. काही कच्च्या फळांमधली एन्झाइम्स जिलेटिन मोडतात, अननस, किवी, पपई ही तर नावाजलेली, त्यांची कच्ची जेली कधी घट्ट होतच नाही, आणि फळ शिजवलं की ती भीती राहत नाही. गॅस बंद करा, फुगलेलं जिलेटिन घाला, पूर्ण विरघळेपर्यंत ढवळा. जिलेटिन घातल्यावर परत उकळायचं नाही, त्याची ताकद जाते.

आता वाट बघणं. पसरट भांड्यात ओतून फ्रिजमध्ये ठेवा आणि दर दहा मिनिटांनी काठाकडून ढवळत राहा कारण जेली आधी काठाला लागते. ४० मिनिटं ते तास लागेल. पहिल्यांदा मी पंधराव्या मिनिटालाच बुडवायला घेतलं होतं, जेली पाण्यासारखी होती, केकने सगळी पिऊन टाकली आणि तुकडे हातात लगदा झाले, सहा तुकडे टाकून द्यावे लागले त्याचं फार वाईट वाटलं. तेव्हा शेजारच्या ऑस्ट्रेलियन आजींनी येऊन दाखवलं. त्यांनी चमचा बुडवून उलटा धरला आणि पाठीवरून बोट फिरवलं, बोटाची रेघ तशीच राहिली आणि वरून जेलीचा एक जाड थेंब सावकाश घरंगळत येऊन रेघेच्या काठाशी थांबला. म्हणाल्या, आता. अंड्याच्या पांढऱ्यासारखी हवी, आपल्या भाषेत सांगायचं तर ताटात वाढल्यावर लगेच पसरत नाही अशा दाटसर कढीसारखी. जास्त घट्ट झाली तर घाबरू नका, भांडं गरम पाण्यावर धरून ढवळलं की परत सैल होते.

जिलेटिन चालत नसेल त्यांच्यासाठी अगर-अगर, म्हणजे आपलं चायना ग्रास. १ टीस्पून पावडर वरच्याच १६० मिली पाण्यात दोन मिनिटं खळखळ उकळून गरम रसात मिसळायची. पण तंत्र अगदी उलटं आहे, अगर चाळीस डिग्रीच्या आसपासच घट्ट व्हायला लागतं, त्यामुळे फ्रिज वगैरे नाही, भांडं गरम पाण्यात ठेवून कोमट असतानाच भराभर बुडवायचं आणि रस गरम असतानाच अगर घालायचं, गार रसात घातलं की गुठळ्या होतात.

बुडवणं आणि घोळवणं

डाव्या हाताला जेलीचं भांडं, मध्ये जाळी आणि खाली ताट, उजवीकडे खोलगट ट्रेमध्ये निम्मं खोबरं. फ्रीजरमधून एका वेळी सहाच तुकडे काढा. दोन काट्यांवर तुकडा धरून जेलीत सोडा, सगळ्या बाजू फिरवा, तीन-चार सेकंद पुरे, उचलून काटे भांड्याच्या काठावर आपटून जास्तीची जेली गळू द्या, जाळीवर अर्धा मिनिट ठेवा आणि मग खोबऱ्यात. खोबऱ्याला हात लावायचा तो कोरडाच, ओल्या हाताने दोन मिनिटांत सगळ्या ट्रेचे गोळे होतात. दोघं असाल तर एकाने बुडवायचं आणि एकाने घोळवायचं. इथल्या शाळा, स्काउट, चर्च निधी जमवायला लॅमिंग्टन ड्राइव्ह करतात, डझनांच्या ऑर्डरी घेऊन ढीगभर लॅमिंग्टन विकतात, तिथे स्वयंसेवकांची अशीच रांग असते, एक कापतो, एक बुडवतो, एक घोळवतो, एक भरतो.

ओला नारळ खोवून घ्यायचा मोह होईल, मलाही झाला, कोकणातल्या माणसाला होणारच. पण ओल्या खोबऱ्याचं पाणी सुटतं, जेली सैल पडते आणि उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत वास यायला लागतो. कोरडा डेसिकेटेडच घ्या, तोही ताजा, तोंडात टाकून बघा, खवट असेल तर सगळी मेहनत वाया. भाजू नका. पांढऱ्या किसातून आतला केशरी-पिवळा रंग डोकावतो तेच तर याचं रूप आहे.

सगळे झाले की बटर पेपरवर ठेवून कमीत कमी दोन तास फ्रिजमध्ये.

क्रीम हवं असेल तर वाढायच्या जरा आधी. क्रीम ३५ टक्के किंवा जास्त फॅटचं लागतं, भारतात टेट्रापॅकमध्ये मिळणारं २५ टक्केवालं कितीही फेटलं तरी उभं राहत नाही. गार क्रीम फेटा, बाजूला ठेवलेला पॅशनफ्रूटचा गर बियांसकट त्यात हलकेच मिसळा, साखर नको. लॅमिंग्टन आडवं कापून मध्ये भरा. त्या बिया दाताखाली कुरकुरतात आणि आंब्याच्या गोडव्याला जी आंबट धार येते ना, माझ्या मते क्रीमशिवाय खाण्यापेक्षा हे कितीतरी पुढचं आहे.

भारतात करणाऱ्यांसाठी

तुमच्याकडे एप्रिल-मेमध्ये हापूस असेल तर धाग्यांची कटकट नाही, रस नुसता गाळला तरी चालेल, पण हापूस जास्त गोड आणि दाट म्हणून साखर ४० ग्रॅमवर आणा आणि पाणी ५० मिली वाढवा. पॅशनफ्रूट मिळालं नाही तर दोन लिंबांचा रस आणि त्यात भर घालून ८० मिली होईल इतकं पाणी. डब्यातला आमरस वापरणार असाल तर तो बहुतेक वेळा आधीच गोड केलेला असतो, चव घेऊनच साखर घाला. मी इथे दोन्ही करून पाहिलंय, भारतीय दुकानातल्या डब्यातल्या हापूसचं आणि ताज्या केन्सिंग्टन प्राइडचं, आणि हापूसवर जीव असूनही सांगते, या केकला ताजा आंबाच हवा, डब्याला तो वास नाही.

क्रीम न भरलेली लॅमिंग्टन हवाबंद डब्यात फ्रिजमध्ये तीन दिवस छान राहतात, थरांमध्ये बटर पेपर घाला. क्रीम भरलेली त्याच दिवशी संपवा. जेली लावलेली फ्रीजरमध्ये ठेवू नका, बाहेर काढल्यावर पाणी सुटतं. नुसता कापलेला केक मात्र महिनाभर फ्रीजरमध्ये राहतो, त्यामुळे आंबे स्वस्त झाले की त्या दिवशी फक्त जेली करायची उरते.