मालवणात संध्याकाळी आधी बाजार, मग समुद्र
मालवणला संध्याकाळ मोकळी असेल तर आधी बाजार उरकून घ्या आणि मगच समुद्रावर जा, नाहीतर सूर्यास्त बघून परत येईपर्यंत काही दुकानं आवरायला लागलेली असतात आणि घाईत समोर दिसेल ते उचललं जातं. आमसुलं दाबून बघा, मऊ, चिकट, काळपट जांभळी हवीत, कडक वाळकी अजिबात नकोत. आगळात, म्हणजे कोकमाच्या घट्ट रसात, मीठ असतं, सरबतासाठी कोकमाचं गोड सिरप वेगळं मागायचं. खाजं, म्हणजे बेसनाच्या कांड्यांचा इथला गोड खाऊ, मात्र गुळाचं, आलं घातलेलंच घ्या, भारी लागतं! मग पिशव्या रूमवर टाकून रॉक गार्डनला जा, सूर्य थेट समुद्रात बुडताना दिसतो, फक्त ओल्या खडकांवर शेवाळ असतं, चप्पल सटकते, तिथे मुलांचा हात सोडू नका.