ट्रक-बसच्या वायरिंगचा आराखडा प्रमाणित करताय? या चुका टाळा

एकाच मॉडेलचे दोन ट्रक. एकात लाल वायर ब्रेक लाइटची, दुसऱ्यात तीच लाल वायर थेट बॅटरीवरून आलेली. अशा गाडीत हात घालणाऱ्या मेकॅनिककडून वायर जळाली, तर दोष त्याला देऊ नका. चूक आराखड्यात, कागदावरच झालेली असते.

पहिली चूक रंगावर विसंबण्याची. इंजिनाजवळच्या उष्णतेने आणि डिझेलने काही वर्षांत तपकिरी आणि काळी वायर सारखीच दिसू लागते. ओळख आकड्याने ठेवा आणि तो आकडा वायरवर थोड्या थोड्या अंतराने छापून घ्या. त्यासाठी नवी पद्धत शोधायची गरज नाही. डीआयएन ७२५५२ या जर्मन मानकात ३० म्हणजे बॅटरीचा कायम पुरवठा, १५ म्हणजे इग्निशननंतरचा, ३१ म्हणजे अर्थ (अर्थिंग, करंटची बॅटरीच्या निगेटिव्हकडे परतीची वाट) आणि ५० म्हणजे स्टार्टर. रिलेवर दिसणारे ८५, ८६, ८७ तिथलेच. एकदा दिलेला आकडा दुसऱ्या व्हेरियंटमध्ये वेगळ्या कामाला वापरू नका. मानकीकरण इथेच सर्वात जास्त फसतं.

अर्थ: सगळ्यात जास्त वेळ खाणारा दोष

एका ट्रेलरवर माझी अख्खी दुपार गेली. ब्रेक दाबला की ब्रेक लाइट मंद, आणि सोबत डावा इंडिकेटर मिणमिणायचा. स्विच बदलला, बल्ब बदलले, फरक शून्य. शेवटी मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरी दिव्याच्या अर्थवर ठेवून ब्रेक दाबायला सांगितलं. जिथे जवळपास शून्य दिसायला हवं, तिथे ९ व्होल्ट! बोल्ट तर पक्का आवळलेला होता. खोलून पाहिलं तेव्हा लग, म्हणजे वायरच्या टोकाची धातूची कडी, रंगाच्या थरावर बसलेला निघाला. परतीची वाट बंद, म्हणून करंट इंडिकेटरच्या फिलामेंटमधून उलटा शिरून पुढच्या दिव्याच्या अर्थवाटे परतत होता. एक दिवा लावला की दुसराच पेटतो, अशी तक्रार आली की आधी अर्थ तपासा. स्विच, रिले, बल्ब नंतर.

ही दुपार आराखड्याने वाचवली असती. ‘चासीला अर्थ करा’ एवढं लिहून भागत नाही. अर्थचा स्टड (लग ज्यावर आवळतात तो बोल्ट) नेमका कुठे, त्याखालचा रंग काढायचा की नाही, वॉशर कोणता, एका स्टडवर जास्तीत जास्त किती लग आणि बोल्ट किती टॉर्कने आवळायचा, हे सगळं ड्रॉइंगवर हवं. सेन्सर आणि ईसीयूचा (गाडीच्या इलेक्ट्रॉनिक कंट्रोल युनिटचा) अर्थ वायपर मोटर किंवा दिव्यांच्या स्टडवर टाकू नका. मोटर चालू झाली की सेन्सरचं रीडिंग हलतं आणि दोष भलत्याच ठिकाणी शोधला जातो.

जाडी आणि फ्यूज

२४ व्होल्टच्या गाडीत १४० वॅटच्या दिव्यांना सुमारे ५.८ अँपिअर लागतात. दिवे १२ मीटर मागे असतील तर जाऊन-येऊन २४ मीटर तांबं झालं. १.५ चौरस मिलिमीटरच्या वायरमध्ये २४ पैकी सुमारे १.६ व्होल्ट वाटेतच जातात. २.५ ची घेतली तर साधारण १. वायरच्या जाडीचा हाच तक्ता १२ व्होल्टच्या गाडीला जसाच्या तसा लावला, तर करंट दुप्पट होतो आणि १.५ च्या वायरमध्ये ३ व्होल्टहून जास्त वाटेतच जातात, म्हणजे पुरवठ्याचा पाव भाग. प्रत्येक व्होल्टेजचा तक्ता वेगळा ठेवा.

फ्यूज असतो तो वायर वाचवायला. एकाच फ्यूजवरून जाड वायर निघाली आणि पुढे बारीक फाटे फुटले, तर फ्यूज सगळ्यात बारीक फाट्याला सोसेल असाच हवा. नाहीतर फाटा वितळतो आणि फ्यूज शाबूत राहतो.

कॅन लाइन

कॅन म्हणजे गाडीतल्या ईसीयूंना एकमेकांशी बोलायला लागणारी दोन वायरींची (कॅन हाय आणि कॅन लो) लाइन. ट्रक-बसमध्ये वापरल्या जाणाऱ्या एसएई जे१९३९ या मानकात मुख्य लाइनच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा रेझिस्टर असतो. बॅटरी तोडून कॅन हाय आणि कॅन लो यांच्यात मोजलं की ६० ओहम यायला हवेत. १२० आले तर एक टोक निसटलंय. ४० आले तर कुणीतरी आत रेझिस्टर असलेलं उपकरण वर जोडलंय, बहुतेक वेळा नंतर बसवलेला ट्रॅकर. मुख्य लाइनपासून उपकरणाकडे जाणारा फाटा १ मीटरच्या आत ठेवा आणि वायरचा पीळ कपलरच्या (वायरी जोडणाऱ्या प्लगच्या) अगदी जवळपर्यंत राहू द्या.

बॉडी बांधणाऱ्याला विसरणं

माझ्या मते ही सगळ्यात महागडी चूक. ट्रक कारखान्यातून निघतो तेव्हा अर्धाच असतो. नंतर त्यावर टिपर, टँकर किंवा शीतपेटी चढते. त्यासाठी फ्यूजसह मोकळा पुरवठा, इग्निशनचा सिग्नल आणि अर्थ असा तयार कपलर ठेवला नाही, तर बॉडीवाला हार्नेस (वायरींचा जुडगा) सोलून, पीळ मारून, टेप गुंडाळून मोकळा होतो. त्याच्याजवळ दुसरा मार्गच नसतो. पुढच्या पावसाळ्यात तिथे हिरवा गंज धरतो, आणि पाणी तांब्याच्या तारांमधून झिरपत पार पुढच्या कपलरपर्यंत पोचतं.

तो कपलर, त्याच्या पिनांचे आकडे आणि कमाल करंट केबिनमध्ये फ्यूजबॉक्सच्या झाकणामागे छापा. हार्नेसच्या टोकाला भाग क्रमांकासोबत सुधारणेचा क्रमांकही लिहा. एक पिन जरी हलवली, तरी तो बदलायचाच.