मुदतवाढ आत्ता द्यायची की थांबायचं?

तरुण बास्केटबॉल खेळाडूचा पहिला करार संपत आला की त्याच्या संघापुढे हा प्रश्न येतो. खेळाडू चांगला आहे की नाही, ते बाजूला ठेवा. चांगला नसता तर हिशेब मांडायला बसलोच नसतो. मी जमाखर्चातला माणूस. एनबीए, म्हणजे अमेरिकेतली बास्केटबॉल लीग, बघतानाही माझी नजर डंकपेक्षा करारांवर जास्त. संघाच्या व्यवस्थापकाच्या खुर्चीत बसून बघायचं असेल तर पहिला प्रश्न हा: आज सही केली नाही, तर आपलं नक्की काय जातं?

बहुतेक वेळा वाटतं त्यापेक्षा कमी जातं. ड्राफ्टच्या, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीच्या, पहिल्या फेरीत निवडलेल्या पोराचा करार चार वर्षांचा असतो, त्यातली शेवटची दोन संघाच्या मर्जीवर. तिसरा हंगाम संपला की मुदतवाढीची बोलणी सुरू होतात आणि चौथा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी दार बंद. पण दार बंद झालं म्हणून पोरगा हातचा जात नाही. वर्षभराने क्वालिफाइंग ऑफर (एका वर्षाच्या कराराचा देकार) दिली की तो रिस्ट्रिक्टेड फ्री एजंट, म्हणजे अर्धाच मोकळा. दुसऱ्या संघाने बोली लावली तरी तेवढेच पैसे मोजून त्याला ठेवून घ्यायचा हक्क तुमचा. फिनिक्सने 2021 मध्ये डिअँड्रे एटनला मुदतवाढ दिली नाही. 2022 मध्ये इंडियानाने चार वर्षांचे सुमारे 13.3 कोटी डॉलर देऊ केले, फिनिक्सने तेवढेच मोजले. एटन राहिला. (पुढच्या वर्षी त्यांनीच त्याला पोर्टलंडला पाठवला, ते वेगळं.)

आता कमाल पगार काढा. या वयाच्या खेळाडूला सॅलरी कॅपच्या (संघाच्या एकूण पगारांवरच्या मर्यादेच्या) 25 टक्के, म्हणजे 2025-26 च्या 15.46 कोटी डॉलर कॅपवर साधारण 3.87 कोटी. एमव्हीपीसारखा (हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू) मान मिळवला तर 30 टक्के. एजंट आजच कमाल आकडा मागत असेल, तर थांबून भाव फारसा चढणार नाही. मग घाई कसली? खरा सुपरस्टार असेल तर गोष्ट निराळी, तिथे घासाघीस करू नका. बाकीच्यांसाठी आज सही करायची तर सूट मिळायला हवी.

सूट मिळते ती पोरालाही धास्ती असेल तेव्हा. 2012 मध्ये स्टेफन करीचे घोटे सारखे दुखावत होते; त्याने चार वर्षांसाठी 4.4 कोटी डॉलरवर सही केली. पुढे 2015 आणि 2016 चा एमव्हीपी तोच, आणि त्या स्वस्त करारामुळे 2016 मध्ये त्याच्या संघाच्या कॅपमध्ये केव्हिन ड्युरांटसारख्या बड्या खेळाडूसाठी जागा निघाली. म्हणून बोलणीच्या आधी डॉक्टरांचे अहवाल स्वतः वाचा. घोटा आणि पाठ यांतला फरक कळला पाहिजे. पाठीच्या दुखण्यावर मी कधीच पाच वर्षं लावणार नाही.

थांबण्यातून कमाईही होते, आणि मला हा डाव सगळ्यात आवडतो. करार संपलेल्या खेळाडूच्या नावावर नवी सही होईपर्यंत कॅपमध्ये जुन्या पगारावरून काढलेली रक्कमच धरली जाते, तिला कॅप होल्ड म्हणतात. कवाई लेनर्ड 2014 चा फायनल्स एमव्हीपी (अंतिम मालिकेतला सर्वोत्तम खेळाडू), तरी सॅन अँटोनियोने त्याला मुदतवाढ दिली नाही. 2015 च्या उन्हाळ्यात त्याचा होल्ड होता 72 लाखांच्या आसपास, नवा पगार 1.64 कोटी. मधल्या फरकामुळे आधी लामार्कस ऑल्ड्रिजला आणणं जमलं, मग कवाईची सही. अर्थात पोराला विश्वासात घेतलं असेल तरच हे करा. न सांगता केलंत तर तो ते लक्षात ठेवेल.

पुढच्या तीन-चार वर्षांचे पगार एका तक्त्यावर मांडा. लीग आणि खेळाडू संघटना यांच्यातल्या 2023 च्या करारनाम्यानंतर सेकंड एप्रन (कॅपच्या बऱ्याच वर आखलेली पगारांची रेषा) ओलांडणाऱ्या संघाला ट्रेडमध्ये दोन खेळाडूंचे पगार एकत्र करून एक मोठा खेळाडू आणता येत नाही, त्यामुळे चुकलेला करार गळ्यात अडकतो.

आकडा ठरवा, तो सांगा, नाही म्हणाला तर उठा. पण उठताना पोराला विकून टाकू नका. ओक्लाहोमा सिटीने 2012 मध्ये तेच केलं: जेम्स हार्डनशी थोड्याशा रकमेवरून बिनसलं आणि हंगाम सुरू व्हायच्या तोंडावर त्याला ह्यूस्टनला धाडलं. त्या वेळी एक अख्खा हंगाम आणि त्यानंतर बोली जुळवायचा हक्क, दोन्ही त्यांच्याच हातात होतं. 2018 चा एमव्हीपी हार्डन झाला, ह्यूस्टनकडून.