सोरायसिस: मलम लावण्याआधी आणि लावताना
कोपर, गुडघे किंवा डोक्याच्या त्वचेवर लालसर चट्टे उठून त्यांवर चंदेरी पापुद्रे धरू लागले, तर तो नायटा समजून दुकानातून स्टेरॉइड मिसळलेले मलम आणण्याआधी त्वचारोगतज्ज्ञांकडून निदान करून घ्यावे. सोरायसिस प्रतिकारशक्तीतील बिघाडातून होतो, स्पर्शाने पसरत नाही. त्यामुळे घरात रुग्णाचा टॉवेल आणि ताट वेगळे काढणे हा निव्वळ अन्याय आहे.

अंघोळ कोमट पाण्याने, थोडक्यात उरकावी. अंग न घासता टिपून घ्यावे आणि त्वचा ओलसर असतानाच पेट्रोलियम जेली लावावी. डॉक्टरांनी दिलेले मलम तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत पिळले की साधारण अर्धा ग्रॅम भरते व मोठ्या माणसाच्या, बोटांसह, दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. चट्टे निवळले म्हणून औषध, विशेषतः स्टेरॉइडच्या गोळ्या, परस्पर बंद करू नयेत. आजार अधिक जोराने उसळू शकतो. सकाळी बोटांचे सांधे आखडत असतील किंवा नखांवर टाचणीने टोचल्यासारखे खळगे दिसत असतील, तर तेही तपासणीच्या वेळी न विसरता सांगावे, कारण हा आजार काहींच्या सांध्यांतही उतरतो.