गोड, खमंग बटर घरी कसं करावं: आणि ते रवाळ का होतं

'मऊ बटर घ्या, त्यात बदामाची पूड आणि मध कालवा, झालं तुमचं खमंग बटर!' अशा कृती मी कित्येक वर्षं इमानेइतबारे करून पाहिल्या. जे तयार होतं ते वाईट नसतं, पण खाताना बटर एकीकडे लागतं आणि बदाम दुसरीकडे. दोघांची ओळखच झालेली नसते. मग कुणीतरी सुचवतं, दोन थेंब इसेन्स टाका. टाकू नका. एकदा टाकून बघितलंय, बटरला अत्तर लावल्यासारखं लागतं.

खमंगपणा सुक्यामेव्यातून थोडाच येतो. त्याचा मोठा वाटा बटरमध्येच दडलेला असतो, तो भाजून बाहेर काढावा लागतो. फ्रेंच स्वयंपाकात तपकिरी होईपर्यंत कढवलेल्या बटरला जे नाव आहे, त्याचा शब्दशः अर्थ 'हेझलनटचं बटर' असा होतो आणि त्यात हेझलनट औषधालाही नसतो. बटरमधले दुधाचे घन कण भाजले गेले की वास तसा येतो, एवढंच. म्हणून माझी पद्धत अशी: अर्धं बटर कढवून तपकिरी करायचं, अर्धं तसंच मऊ ठेवायचं आणि दोन्ही एकत्र फेटायचं. सगळंच कढवलं तर चव जोरकस होते, पण पोत हरवतो.

साहित्य: मीठ न घातलेलं बटर २५० ग्रॅम (१२५ ग्रॅमचे दोन भाग), हेझलनट, पेकन किंवा बदाम यांपैकी कुठलंही एक ६० ग्रॅम, घट्ट मध दोन मोठे चमचे, पाव छोटा चमचा बारीक मीठ आणि एक ते दीड मोठा चमचा गार दूध. खारं बटर वापरलं तर मिठाचा अंदाज आपल्या हातात राहत नाही. घरी घुसळलेलं लोणी चालेल, फक्त ताक पूर्ण निघेपर्यंत गार पाण्यात धुऊन नीट दाबून घ्या. सुकामेवा एकाच प्रकारचा घ्यावा या मताची मी आहे. चार प्रकार एकत्र केले की कशाचीच चव कळत नाही. काजू तर नकोच, तो या बटरमध्ये नुसता मऊ पडतो. अक्रोड आवडत असेल तर त्याच्या सालीचा कडवटपणा गृहीत धरा.

सुकामेवा आधी भाजून ठेवा, कारण तो पूर्ण गार व्हायला हवा. ओव्हन १६० अंशांवर, एका थरात, साधारण दहा मिनिटं. एक दाणा तोडून बघा: आतून फिकट सोनेरी दिसला की काढा. बाहेर काढल्यावरही तो थोडा भाजत राहतो. हेझलनट असेल तर गरम असतानाच कापडात गुंडाळून चोळा, साल सुटते. सगळी सुटणार नाही, त्याचा ध्यास धरू नका. गार झाल्यावर सुरीने चिरा. मिक्सरमध्ये घातलात तर बघता बघता तेल सुटून लगदा होतो. सुरीने चिरल्यावर थोडे तुकडे, थोडी भुकटी असं मिश्रण मिळतं आणि आपल्याला तेच हवं असतं.

दुसरं १२५ ग्रॅम बटर बाहेर काढून ठेवा. बोट दाबल्यावर सहज खळगा पडावा, पण बोटाला तुपकट चकाकी येऊ नये. तापमानात सांगायचं तर १८ ते २० अंश.

आता कढवणं. फिकट रंगाचं, जाड बुडाचं भांडं घ्या. काळ्या नॉनस्टिक पॅनमध्ये बटरचा रंग कळत नाही आणि इथे सगळा खेळ रंगाचा आहे. बटरचे तुकडे करून मंद ते मध्यम आचेवर ठेवा. 'पाच मिनिटं कढवा', 'सात मिनिटं कढवा' हे सल्ले कुचकामी आहेत. तुमचं भांडं वेगळं, आच वेगळी. घड्याळ सोडा, कान लावा. बटरमध्ये साधारण १६ ते १८ टक्के पाणी असतं. वितळल्यावर जो तडतडाट सुरू होतो तो या पाण्याचा. पाणी आहे तोवर तापमान १०० अंशांच्या फारसं वर जात नाही, त्यामुळे रंगही बदलत नाही. इथे कंटाळून आच वाढवायचा मोह होतो. वाढवू नका, कारण पाणी संपल्याक्षणी तीच वाढवलेली आच अंगावर येते.

मग आवाज एकदम मावळतो आणि बारीक, दाट फेस वर येतो. ही शांतता म्हणजे इशारा. आता फोन वाजला तरी हलायचं नाही. उलथन्याने बूड खरवडत राहा आणि फेस बाजूला सारून खालचे कण बघत राहा. पिवळे, सोनेरी, तपकिरी हा सगळा प्रवास मिनिटा-दीड मिनिटात उरकतो. कण भाजक्या बिस्किटाच्या रंगाचे झाले आणि स्वयंपाकघरभर खमंग वास सुटला की तत्क्षणी सगळं गार स्टीलच्या वाडग्यात ओता. भांड्यातच ठेवलंत तर आच बंद करूनही बटर जळतं. बुडाशी चिकटलेली बेरी खरवडून घ्या. ती गाळून टाकायला सांगणाऱ्या कृती दुसऱ्या कशासाठी तरी बरोबर असतील, इथे चव तिच्यातच आहे. पण कण काळे झाले आणि वास नाकाला झोंबला, तर सरळ टाकून द्या. मधाने तो कडवटपणा झाकला जात नाही, मी प्रयत्न केलेत.

इथवर बहुतेक जण नीट पोचतात. घोळ होतो तो पुढे, आणि नेमक्या याच ठिकाणी सगळ्या कृती एका वाक्यात गुंडाळतात: 'मिश्रण थंड होऊ द्या.' कसं थंड? किती? कुठे? माझं बटर वर्षभर याच वाक्याने बिघडवलं.

पहिल्यांदा मी वाडगा फ्रिजमध्ये ठेवला आणि विसरले. दोन तासांनी बघते तर वर मेणासारखा कडक पिवळा थर आणि तळाशी तपकिरी गाळ. चमच्याने उकरलं तर ढलप्या निघाल्या. त्या मऊ बटरमध्ये फेटल्या, तर सगळीकडे गुठळ्या. धडा घेतला आणि पुढच्या वेळी वाडगा ओट्यावरच राहू दिला. ते 'गार' वाटलं म्हणून मऊ बटरमध्ये ओतलं. गार कसलं, कोमट होतं. डोळ्यांदेखत पाव किलो बटरचं पिवळंधमक सूप झालं, त्यात मध खाली बसला आणि वर हेझलनट तरंगायला लागले. ते फ्रिजमध्ये घट्ट केलं तेव्हा जिभेवर रवा लागावा तसं लागत होतं. पाहुणे यायचे होते. टेबलावर जॅम ठेवला.

कारण कळलं तेव्हा स्वतःचाच राग आला, इतकं ते साधं आहे. बटरमधलं फॅट एकजिनसी नसतं. त्यातले काही घटक लवकर गोठतात, काही उशिरा. हलवल्याशिवाय हळूहळू गार होऊ दिलं की लवकर गोठणाऱ्यांचे स्फटिक निवांत मोठे होत जातात, आणि जिभेला रवाळ लागतात ते हेच. तेच फॅट झपाट्याने गार केलं आणि सतत हलवत राहिलं तर मोठं व्हायला सवड न मिळालेले असंख्य बारीक स्फटिक तयार होतात आणि बटर मऊसूत राहतं. म्हणजे दोन गोष्टी एकाच वेळी हव्यात: गारवा आणि हालचाल. फ्रिज पहिली देतो, दुसरी नाही. ओटा दोन्ही देत नाही.

म्हणून बर्फ. एका मोठ्या भांड्यात बर्फ घ्या आणि त्यात पाणी ओता. पाणी हवंच. नुसत्या बर्फाचे खडे वाडग्याला इथे-तिथे टेकतात आणि मध्ये हवा राहते. वाडगा स्टीलचाच हवा, काचेचा किंवा प्लॅस्टिकचा गारवा आत पोचवायला वेळ लावतो, शिवाय गरम काच बर्फावर ठेवली तर तडकू शकते. कढवलेलं बटर आधी पाच-सात मिनिटं बाहेर निवू द्या, मग वाडगा बर्फावर ठेवा. बर्फाचं पाणी वाडग्याच्या निम्म्यापर्यंतच असू द्या, म्हणजे हलवताना आत शिंतोडे उडणार नाहीत.

आता रबरी उलथनं घेऊन हलवत राहा. फेटायचं नाही, कडा आणि तळ सतत पुसून मधे आणायचे. सुरुवातीला काहीच होत नाहीसं वाटतं. मग कडेला एक धुरकट, फिकट पट्टी दिसते. तिथे बटर गोठायला लागलेलं असतं. ती लगेच खरवडून मधे मिसळा. तीच पट्टी जागेवर राहिली तर तिची गुठळी होते. बघता बघता पारदर्शक सोनेरी द्रव गढूळ होतो, मग दाट होतो. नेमकं कुठे थांबायचं यासाठी माझी खूण अशी: आतापर्यंत तपकिरी कण सारखे तळाला जात असतात, ज्या क्षणी ते तळाला न जाता जागच्या जागी अडकून राहतात, त्या क्षणी वाडगा बर्फावरून उचला. मिश्रण या वेळी भिंतीच्या दाट रंगासारखं, उलथन्यावरून जाडसर ओघळणारं असतं. अजून घट्ट होण्याची वाट बघू नका, वाडगा गार असल्याने बाहेरही ते गोठत राहतं. थेंबभर ओठाला लावून बघा: गार लागला पाहिजे. कोमट लागला तर पुन्हा बर्फावर. थर्मामीटर असेल तर २० अंशांच्या आसपास.

हात आखडला आणि गुठळ्या झाल्याच, तर घाबरू नका. वाडगा कोमट पाण्यावर चार-पाच सेकंद टेकवा, उचला, हलवा, गरज पडली तर पुन्हा. आणि आधीच फ्रिजमध्ये ठेवून रवाळ करून बसला असाल तर मंद आचेवर सगळं पूर्ण वितळवून बर्फापासून नव्याने सुरुवात करा. फॅट कितीही वेळा गोठवता येतं. ही गोष्ट मला आधी कुणी सांगितली असती तर बरंच बटर वाचलं असतं.

पुढचं सोपं आहे. मऊ बटर एकटंच दोन मिनिटं फेटा, फिकट होईस्तोवर. मग कढवलेलं बटर तीन-चार हप्त्यांत घाला. मिश्रण फाटल्यासारखं दिसलं तर ते जास्त गार झालंय, वाडग्याला खालून गरम फडकं लावून फेटा. चकाकायला आणि ओघळायला लागलं तर जास्त ऊब लागलीय, दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवून पुन्हा फेटा.

आता गार दूध, एकेक छोटा चमचा करून. याबद्दल लोक मला वेड्यात काढतात. पण हिशोब बघा: १२५ ग्रॅम बटर कढवल्यावर वजन करून पाहा, १०० ते १०५ ग्रॅमच भरतं. गेलं ते पाणी. पाण्याशिवाय बटर मेणचट होतं, पावावर पसरत नाही, तुटतं. दूध घालून आपण त्यातलं थोडं परत देतो. एकदम ओतू नका, प्रत्येक चमचा जिरल्यावरच पुढचा.

मग मीठ, आणि मध बारीक धारेने. मधाऐवजी साखर घालायची असेल तर पिठीसाखरच घ्या. दाणेदार साखर फॅटमध्ये विरघळत नाही, दाताखाली कचकचते. पातळ सिरपच्या मागे लागू नका, प्रमाण जरा वाढलं की बटर पाझरायला लागतं. मध घातलेलं बटर एक वर्षाखालच्या बाळाला चाखायलाही देऊ नका, आणि कुणापुढे ठेवताना त्यात कुठला सुकामेवा आहे हे आधी सांगा. फेटलेल्या बटरमध्ये हेझलनट ओळखू येत नाही आणि ॲलर्जी हा थट्टेचा विषय नाही. सुकामेवा सगळ्यात शेवटी, हाताने, चमच्याने मिसळा. तो अजून कोमट असेल तर थांबा. एवढी मेहनत मूठभर गरम बदामांनी वितळलेली मी पाहिली आहे.

बटर पेपरवर काढून गुंडाळी करा, टोकं पिळा, हवाबंद डब्यात ठेवा. बटर आजूबाजूचे वास चटकन ओढून घेतं, त्यामुळे चिरलेला कांदा शेजारी नको. फ्रिजमध्ये आठवडाभरात संपवा, आत दूध आहे. फ्रीझरमध्ये दोन महिने राहतं. तीन-चार दिवसांनी सुकामेव्याचा कुरकुरीतपणा कमी होतो. तोच महत्त्वाचा वाटत असेल तर तुकडे वेगळ्या डब्यात ठेवा आणि लागेल तेवढ्याच बटरमध्ये आयत्या वेळी मिसळा.

खायच्या आधी वीसेक मिनिटं बाहेर काढा. गरम टोस्ट, पॅनकेक, भाजलेलं रताळं, काहीही चालेल, मात्र गरम पदार्थावर घालायचं. हे बटर तव्यावर टाकून त्यात काही परतू नका. मध आणि बेरी दोन्ही लगेच जळतात, आणि मग तवा घासत बसावं लागतं.