कॅन्सर हॉस्पिटलची पहिली अपॉइंटमेंट: या चुका टाळा

बहिणीला घेऊन पहिल्यांदा कॅन्सर केंद्रात गेलो, तेव्हा माझ्याकडे जाडजूड फाइल होती. डॉक्टरांनी चार पानं चाळली आणि विचारलं, "ब्लॉक आणलाय का?" ब्लॉक म्हणजे काय, हेच मला ठाऊक नव्हतं. त्या दिवशी उपचारांचं काहीही ठरू शकलं नाही.

फक्त रिपोर्ट घेऊन जाणं

सगळ्यात जास्त फेऱ्या या चुकीमुळे वाया जातात. बायोप्सीत, म्हणजे तपासणीसाठी, शरीरातून काढलेला तुकडा मेणात बसवून जपतात, तो पॅराफिन ब्लॉक. प्लास्टिकच्या छोट्या चौकटीवर मेणाचा चौकोन आणि त्यात तांदळाएवढा फिकट ठिपका. त्याचेच पातळ काप काचेवर घेतले की स्लाइड तयार होते. केंद्रातले पॅथॉलॉजिस्ट, म्हणजे असे तुकडे तपासून निदान करणारे डॉक्टर, बहुतेक वेळा या स्लाइड स्वतः पुन्हा तपासतात, कारण निदान थोडं बदललं तरी उपचार बदलतात. शिवाय पुढच्या खास चाचण्यांना बहुधा ब्लॉकच लागतो.

ब्लॉक बायोप्सी तपासलेल्या लॅबमध्ये असतो. लेखी अर्ज करून दोन-चार दिवस आधीच मागा. हातात आल्यावर त्यावरचा नंबर रिपोर्टवरच्या नंबरशी ताडून बघा. स्लाइड डबीत ठेवा, आणि ब्लॉक उन्हात उभ्या गाडीत अजिबात ठेवू नका, मेण वितळतं. लॅब ब्लॉक देत नसेल, तर रंग न दिलेल्या स्लाइड चालतील का, हे केंद्राला फोन करून विचारा.

स्कॅनचंही तसंच. सीटी, एमआरआयच्या कागदासोबत सीडी हवीच, डॉक्टरांना चित्रं स्वतः बघायची असतात. ती घरी एकदा लावून बघा. उघडत नसेल तर लगेच दुसरी प्रत मागा.

औषधं "नेहमीचीच" म्हणून न सांगणं

रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर बायोप्सीची तारीखही बदलू शकते. मधुमेहाच्या काही गोळ्या कॉन्ट्रास्ट (चित्र स्पष्ट दिसावं म्हणून दिलेलं औषध) देऊन केलेल्या स्कॅनच्या वेळी थांबवाव्या लागतात. काढे, पावडरी, व्हिटॅमिनच्या गोळ्याही सांगा. रागावतील म्हणून लपवू नका. त्यातल्या काही केमोच्या औषधांच्या आड येतात. आणि लिम्फोमाची (लसीका ग्रंथींच्या कॅन्सरची) शंका असेल, तर बायोप्सीआधी मनानं स्टेरॉइड घेऊ नये. गाठी तात्पुरत्या बसतात आणि निदान अवघड होतं.

ॲलर्जी, पेसमेकर, घराण्यात कोणाला कोणत्या वयात कॅन्सर झाला, हे एका कागदावर लिहून न्या.

एकट्यानं जाणं

"कॅन्सर" हा शब्द कानावर पडला की पुढचं बरंचसं डोक्यात शिरत नाही. बहिणीला तर खोलीबाहेर आल्यावर डॉक्टर काय बोलले यातलं जेमतेम एक वाक्य आठवत होतं. सोबत एक शांत माणूस हवा, वही-पेन घेऊन. परवानगी घेऊन मोबाइलवर रेकॉर्डही करता येतं. मात्र सोबतच्यानं पेशंटच्या वतीनं सगळी उत्तरं देऊ नयेत. त्रास कुठे होतो, किती चालवतं, हे पेशंटनंच सांगावं. उपचार किती झेपतील याचा अंदाज डॉक्टर त्यावरूनच बांधतात.

पहिल्याच दिवशी स्टेज कळायला हवी, हा हट्ट

तपासण्या पूर्ण झाल्याशिवाय स्टेज, म्हणजे आजार किती पसरलाय हे, नक्की होत नाही. पुष्कळ केंद्रांत सर्जन, केमोचे आणि रेडिएशनचे डॉक्टर एकत्र बसून केसची चर्चा करतात, त्यालाही वेळ लागतो. हे दिवस फार जड जातात, मला माहीत आहे. पण अर्धवट माहितीवर सुरू झालेला उपचार नंतर निस्तरणं त्याहून कठीण असतं.

संकोच करून न विचारणं

उपचार पूर्ण बरं करण्यासाठी आहेत की आजार आटोक्यात ठेवण्यासाठी, हे स्पष्ट विचारा. पुढे मूल हवं असेल तर तेही याच भेटीत बोला. स्त्रीबीज किंवा शुक्राणू जपून ठेवायची सोय केमो सुरू होण्यापूर्वीच करावी लागते. निघताना एक नंबरही मागून घ्या: रात्री ताप आला किंवा दुखणं वाढलं, तर फोन कुणाला करायचा?